केविनचे ग्लेंडालॉख कसे पाहावे : ठाणेकर प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी डब्लिनला असल्यामुळे तिकडे दोन-तीन आठवडे राहून येणारी कुटुंबे ठाण्यात आता विरळ राहिलेली नाहीत, आणि अशा मुक्कामात एक दिवस डब्लिनच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या, विकलो काउंटीतील ग्लेंडालॉखला जाण्याचा बेत ठरतोच. दोन तळी असलेली दरी असा या आयरिश नावाचा अर्थ आहे. बहुतेक जण तेथील उंच गोल मनोऱ्यासमोर छायाचित्र काढतात, ‘सहाव्या शतकातील मठ’ असे घरच्या ग्रुपवर लिहितात आणि तासाभरात परततात. हे मी कोणाला हसण्यासाठी सांगत नाही, कारण पहिल्या भेटीत मीही नेमके तेच लिहिले होते. मठाचा संस्थापक केविन हा संन्यासी सन ६१८मध्ये निवर्तल्याची परंपरा आहे, आणि ज्या मनोऱ्याला टेकून मी उभा होतो तसे मनोरे आयर्लंडमध्ये त्यानंतर किमान तीनशे वर्षांनी उभे राहू लागले. म्हणजे मी संताचे नाव घेत होतो आणि पाहत होतो त्याच्या वारसांच्या वैभवाकडे.

ही चूक टाळायची असेल तर एक साधी वही सोबत ठेवावी आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत : पहिला ‘कथा’, दुसरा ‘दगड’ आणि तिसरा ‘दुरुस्ती’. संताविषयी जे सांगितले जाते ते पहिल्या रकान्यात, वास्तूवर डोळ्यांना जे दिसते ते दुसऱ्या रकान्यात, आणि अलीकडच्या दीडशे वर्षांत जे पुन्हा रचले गेले ते तिसऱ्या रकान्यात लिहावे. पुढील सर्व सूचना हे तीन रकाने एकमेकांत मिसळू नयेत यासाठीच आहेत.

निघण्यापूर्वी ठाण्यात करायचा सराव

परदेशात जाऊन अनोळखी वास्तू वाचायला शिकणे अवघड असते, म्हणून डोळ्याला वळण घरीच लावून घ्यावे. पहिला सराव कौपिनेश्वर मंदिरात करता येतो. या देवस्थानाची परंपरा शिलाहारांपर्यंत मागे नेली जाते, परंतु आज आपण ज्या मंदिरात प्रदक्षिणा घालतो त्याची बांधणी पेशवाईतील, अठराव्या शतकातील आहे. यात फसवणूक मुळीच नाही. जागेचे पावित्र्य आणि भिंतीचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला आपल्या देवळाबाबत सहज मान्य असते, आणि परदेशातील चर्चसमोर मात्र आपण ते विसरतो.

दुसरा सराव अंबरनाथच्या शिवमंदिरात करावा, आणि त्यासाठी लोकलने अर्धा दिवस काढून जावे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे सन १०६० हे वर्ष आहे. आयर्लंडमध्ये दगडी चर्चला वेदीचा स्वतंत्र कक्ष जोडण्याची रीत साधारण याच सुमारास रुळू लागली होती, त्यामुळे तुलनेसाठी हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अंबरनाथला सभामंडपात उभे राहून गाभाऱ्याच्या दाराकडे पाहावे, पायऱ्या उतरून खोल गाभाऱ्यात जावे आणि मोठी जागा संपून छोटी, अंधारी, अधिक पवित्र जागा कोठे सुरू होते ते पायांनी अनुभवावे. आयरिश चर्चमध्येही उपासकांची लांबट खोली आणि तिच्या पूर्वेला वेदीची लहान खोली अशीच विभागणी असते, व दोहोंच्या मधोमध एक कमान असते. शिल्पांची तुलना मात्र करू नये. अंबरनाथच्या भिंतीवर हात ठेवायला कोरी जागा सापडत नाही, तर ग्लेंडालॉखच्या बहुतेक भिंती इतक्या उघड्या आहेत की शिल्पाच्या अपेक्षेने गेलेला मराठी माणूस निराश होतो.

तिसरा सराव कान्हेरीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत उपयुक्त आहे. घोडबंदर रस्त्याने बोरिवलीला जाऊन राष्ट्रीय उद्यानातील ही लेणी पाहताना मोठे चैत्यगृह शेवटी ठेवावे आणि आधी वरच्या बाजूच्या एकट्या खोल्या पाहाव्यात. एका माणसापुरती कोठडी, झोपण्यासाठी दगडी बाक, दाराशी पाण्याची पोढी, इतकाच तेथील संसार असतो. मग हळूहळू लक्षात येते की एकांतासाठी निवडलेल्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी कोरली गेली, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी त्यांना दाने दिल्याचे लेख भिंतींवर आले. एकांतात राहणाऱ्याची कीर्ती पसरली की त्याचा एकांत टिकत नाही. ग्लेंडालॉखचा सारा इतिहास याच वाटेने गेला आहे.

जमल्यास मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्येही प्रार्थनेची वेळ सोडून, परवानगी घेऊन जावे. हे चर्च पोर्तुगीज परंपरेतील आहे, आयरिश नव्हे, तरी वेदी, उपासकांची जागा आणि पावित्र्यपात्रे ठेवण्याची जागा ही नावे तेथे ओळखीची होतात. जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सन १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू मारले गेले, त्यानंतर लवकरच ओदोरिक नावाचा इटालियन प्रवासी येथे आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनकडे गेला. या ओदोरिकच्या प्रवासातील सहकारी म्हणून आयर्लंडच्या जेम्स या धर्मबंधूची नोंद आहे. ठाणे आणि आयर्लंड यांची गाठ आपल्या मुलांच्या व्हिसाने पहिल्यांदा पडली, असे समजण्याचे कारण नाही.

केविनविषयी काय लिहावे

केविनचे जुने आयरिश नाव कोएमगेन असे असून त्याचा अर्थ सुंदर किंवा सौम्य जन्माचा असा होतो. तो लेन्स्टर प्रांतातील उच्च कुळात जन्मला, दीक्षेनंतर या निर्जन दरीत वरच्या तळ्याकाठी एकटा राहिला, शिष्य जमल्यावर त्यांच्यासाठी मठ स्थापन झाला आणि ३ जून हा त्याचा स्मरणदिन ठरला. एवढी चौकट परंपरेने मान्य केलेली आहे. त्याची लॅटिन व आयरिश भाषांतील चरित्रे मात्र त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी लिहिली गेली, त्यामुळे त्यांतील मजकूर ‘कथा’ या रकान्यातच राहू द्यावा.

उदाहरणार्थ, केविन १२० वर्षे जगला असे चरित्रे सांगतात. बायबलमध्ये मोशेचे आयुष्यही १२० वर्षांचेच दिले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही संख्या जन्मनोंदीतून न येता आदरातून आली असावी हे समजते. चांगदेवांच्या चौदाशे वर्षांची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. प्रार्थनेसाठी पसरलेल्या त्याच्या तळहातावर एका काळ्या पक्षिणीने अंडे घातले आणि पिल्लू बाहेर पडेपर्यंत त्याने हात हलवला नाही, ही कथा बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने लिहून ठेवली. आणखी एका कथेत त्याचे स्तोत्रांचे पुस्तक तळ्यात पडते व एक पाणमांजर ते कोरडेच वर आणून देते. ती वाचताना इंद्रायणीच्या डोहातून वर आलेली तुकोबांची गाथा आठवल्यावाचून राहत नाही. अशी साम्ये वहीत जरूर टिपावीत, परंतु एकाने दुसऱ्याकडून कथा उचलली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण पाण्यापाशी राहणाऱ्या साधूच्या पोथीला भय पाण्याचेच असणार.

केविनने एका स्त्रीला तळ्यात ढकलले अशी एक उशिराची लोककथाही वाटाडे रंगवून सांगतात. ती सोबतच्या मुलांना सांगण्याजोगी मला वाटत नाही.

दगडाचे वय ओळखण्याच्या खुणा

आयर्लंडमधील सुरुवातीची चर्चे लाकडी होती. जुन्या आयरिश भाषेत चर्चला ‘ओकचे घर’ अशा अर्थाचा एक शब्द होता, तर ‘दगडाचे घर’ अशा अर्थाचा दुसरा शब्द दगडी चर्चसाठी वापरला जाई व ड्युलीक या गावाचे नाव त्यावरूनच पडले. दगडी चर्चे मोठ्या प्रमाणावर दहाव्या शतकापासून दिसू लागतात. म्हणून केविनने स्वतः पाहिलेली एखादी उभी भिंत शोधण्याचा हट्ट ग्लेंडालॉखला धरू नये.

पहिली खूण चर्चच्या कोपऱ्यांवर शोधावी. लांब बाजूच्या भिंती दर्शनी भिंतीच्या पुढे हातभर आलेल्या दिसल्या तर ती जुन्या घडणीची खूण समजावी. लाकडी चर्चच्या कोपऱ्यांतील खांबांची ही दगडातील आठवण आहे, असे सामान्यतः मानले जाते. आपल्या लेण्यांतील चैत्यगृहांचे गजपृष्ठाकार छत जसे लाकडी छताचे अनुकरण करते, तसाच हा प्रकार आहे : साहित्य बदलते, पण पाथरवटाचा हात सुताराची सवय लगेच सोडत नाही. दुसरी खूण पश्चिमेकडील दाराची. दारावर कमान न घालता एकच आडवी जाड शिळा ठेवलेली असेल आणि द्वारशाखा, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंचे उभे दगड, वर जाताना एकमेकींकडे किंचित झुकत असतील, तर दार जुन्या पद्धतीचे आहे. हा झुकाव डोळ्यांना जाणवला नाही तर फोन उभा धरून त्याच्या कडेशी ताडून पाहावा.

वेदीचा स्वतंत्र कक्ष आणि मधली कमान दिसली तर साधारण सन ११००च्या आसपासचा किंवा नंतरचा विचार करावा. अर्धवर्तुळाकार कमानीवर करवतीच्या दातांसारखी नागमोडी नक्षी कोरलेली असेल, तर ते बाराव्या शतकाचे काम असते. या शैलीचा आयर्लंडमधील सर्वांत प्रसिद्ध नमुना कॅशेल येथील कॉर्मॅकचे चॅपेल असून त्याचे बांधकाम ११२७ ते ११३४ या काळात झाले. टोकदार कमानी त्याहूनही नंतरच्या असतात. या खुणा कायद्याच्या कलमांसारख्या वापरू नयेत, कारण जुन्या चर्चचे दार, दगड किंवा अख्खी चौकट उचलून नव्या भिंतीत बसवण्याची रीत तेथेही होती.

प्रत्यक्ष भेटीचा क्रम

पर्यटक मनोऱ्यापासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा की सुरुवात वरच्या तळ्यापासून करावी आणि मनोऱ्याकडे शेवटी यावे, म्हणजे एका माणसाच्या कोठडीपासून मठनगरीपर्यंतचा प्रवास पायाखालून त्याच क्रमाने जातो. मधले अंतर दीड-दोन किलोमीटरचे असून वाट सपाट आहे. छत्रीऐवजी टोपीचा रेनकोट घ्यावा, कारण तेथील पाऊस आपल्यासारखा धो धो कोसळत नसला तरी वाऱ्याबरोबर आडवा येतो. तळव्याला पकड असलेले बूट आणि शक्य असल्यास एक दुर्बीणही सोबत असावी.

दुर्बिणीचा उपयोग पहिल्याच ठिकाणी होतो. वरच्या तळ्याच्या उत्तर काठाने जुन्या शिशाच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटेवर थोडे चालून समोरच्या दक्षिण कड्याकडे पाहावे. पाण्यापासून काही मीटर उंचीवर एक काळे भोक दिसते, तीच केविनची ‘शय्या’. माणसाला आत उभेही राहता येणार नाही इतकी ती लहान असून काही अंशी माणसानेच कोरलेली आहे, आणि केविनच्या कितीतरी आधीची असावी असेही मानले जाते. कडा उत्तराभिमुख असल्याने तेथे बहुतेक वेळ सावली असते, त्यामुळे डोळ्यांना सवय होईपर्यंत थांबावे. तेथे चढून जाण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. त्याच काठावर टेम्पल-ना-स्केलिग नावाचे लहान आयताकृती चर्च आहे, त्याच्या ग्रॅनाइटच्या दाराच्या द्वारशाखा झुकलेल्या आहेत आणि ते बाराव्या शतकात अंशतः पुन्हा बांधले गेले. तेही पलीकडूनच पाहावे.

मग तळ्याच्या आग्नेय टोकाशी येऊन झाडीतील रीफर्ट चर्च पाहावे. राजांची दफनभूमी असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. सन ११००च्या सुमाराच्या या चर्चमध्ये दोन खोल्या आणि मधली कमान इतकी स्पष्ट आहे की अंबरनाथचा सराव येथे कामी येतो. आवाराच्या भोवतालच्या भिंती बऱ्याचशा आधुनिक आहेत, हे तिसऱ्या रकान्यात लिहावे. चर्चच्या वर, तळ्यावर डोकावणाऱ्या खडकाळ सोंडेवर केविनची कोठडी म्हणून दाखवले जाणारे गोल जोते आहे, त्याचा व्यास ३.६ मीटर आणि भिंतीची जाडी ०.९ मीटर. वर काहीही उरलेले नाही, आणि त्यामुळेच येथे दहा मिनिटे बसावे असे मी सांगेन. कान्हेरीच्या कोठडीत उभे राहून मोजलेली जागा आठवावी : एका माणसाला लागते तेवढीच ती येथेही आहे.

परतताना नदीच्या दक्षिण काठाने जाणारी ग्रीन रोड ही वाट धरावी. पूल ओलांडण्यापूर्वी मध्यभागी खळगा असलेली एक शिळा लागते, तिला हरिणीची शिळा म्हणतात. आई गमावलेल्या जुळ्या बाळांसाठी केविनच्या प्रार्थनेमुळे एक हरिणी रोज या खळग्यात दूध सोडून जाई, अशी तिची कथा आहे. असे खळगे असलेले दगड आयर्लंडमधील अनेक जुन्या चर्चस्थळांजवळ सापडतात. आपल्या वाड्यातील उखळ आठवले तर हरकत नाही.

पुलापलीकडे मुख्य आवार लागते, परंतु पुलाकडून थेट आत न शिरता वळसा घालून मूळ वेशीतून प्रवेश करावा. ग्रॅनाइटच्या दोन कमानींची ही वेस एके काळी दुमजली होती. आत शिरताच पश्चिमेकडील भिंतीत क्रूस कोरलेली मोठी शिळा दिसते. येथून पुढे आश्रयाची हद्द सुरू होते, मागावर आलेल्याने येथे थांबावे, असा तिचा अर्थ होता. पायाखालच्या जुन्या फरसबंदीचा काही भागही अजून टिकून आहे. केविनच्या वारसांची गादी येथे शतकानुशतके चालली आणि तिच्यासाठी आयरिश भाषेत जो शब्द होता त्याचा अर्थही ‘वारस’ असाच होता.

आवारातील सर्वांत मोठी वास्तू कॅथेड्रलची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची, असून वाचनाच्या दृष्टीने तीच सर्वांत संपन्न आहे, त्यामुळे मनोऱ्यापेक्षा येथे अधिक वेळ द्यावा. पश्चिमेच्या दारासमोर उभे राहून भिंतीचे थर मोजावेत. दाराच्या माथ्यापर्यंतचे अभ्रकी शिस्ट या खडकाचे मोठे दगड आधीच्या एका लहान चर्चमधून काढून पुन्हा वापरलेले आहेत, तर त्यावरची रचना लहान दगडांची आहे. पुढे आलेल्या भिंतींची टोके येथे स्पष्ट दिसतात. आत पूर्वेकडील वेदीचा कक्ष बाराव्या शतकाच्या अखेरीचा व तेराव्याच्या आरंभीचा आहे. त्याच्या दक्षिणेकडील खिडकीखाली भिंतीतला एक कोनाडा आणि पवित्र पात्रे धुण्याचे कुंड आहे. लोक त्यांकडे पाहतही नाहीत, पण रोजच्या वापराचा इतका जवळचा पुरावा आवारात दुसरा नाही. सन १२१४मध्ये हा धर्मप्रांत डब्लिनमध्ये विलीन झाला व या वास्तूचे कॅथेड्रलपद गेले. पुढे १३९८मध्ये इंग्रज सैन्याने वस्ती उद्ध्वस्त केली.

जवळच ग्रॅनाइटचा केविनचा क्रूस उभा आहे. त्याला मिठी मारून बोटांना बोटे टेकवली की इच्छा पूर्ण होते, असा समज आहे. नवसाची कल्पना आपल्याला परकी नाही, तरीही हा दफनभूमीतील जुना दगड आहे व आजूबाजूच्या थडग्यांवर आजही फुले ठेवली जातात, याचे भान ठेवून मिठी टाळावी.

केविनचे चर्च खालच्या बाजूस आहे. छतावरील बुटका गोल मनोरा धुराड्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला केविनचे स्वयंपाकघर म्हणतात. तो खरा घंटेचा मनोरा आहे. येथे छत नीट पाहावे : दगडाचे थर एकावर एक आत सरकवत ते उतरते केले आहे आणि आतून अर्धगोल कमानीने त्याला आधार दिला आहे, छत व कमान यांमध्ये एक पोकळ माळाही आहे. मूळचे चर्च एकाच खोलीचे होते. वेदीचा कक्ष नंतर जोडला गेला आणि आता तोही नाही, पण पूर्वेच्या भिंतीतील कमानीच्या वर जुन्या खिडकीचा माथा अजून दिसतो. तो सापडला की समजावे, वास्तू वाचता येऊ लागली.

आता मनोऱ्याकडे यावे. उंची सुमारे ३० मीटर, दार जमिनीपासून ३.५ मीटरवर, आत पूर्वी लाकडी मजले व शिड्या, आणि सर्वांत वर चार दिशांना चार खिडक्या. दार उंचावर असल्याने तो केवळ आक्रमणाच्या वेळी लपण्यासाठी बांधला होता असे सर्रास सांगितले जाते, पण आयरिश भाषेतील त्याचे नाव ‘घंटाघर’ असे आहे आणि वरच्या खिडक्यांचे काम त्या नावाशी जुळते. शंकूसारखा माथा सन १८७६मध्ये मूळ दगड वापरून पुन्हा बांधला गेला. ते वर्ष तिसऱ्या रकान्यात लिहावे, आणि त्याखाली ‘धर्मगुरूंचे घर’ या छोट्या वास्तूचीही नोंद करावी. बेरँजर नावाच्या चित्रकाराने १७७९मध्ये काढलेल्या रेखाटनावरून ती मूळ दगडांतूनच जवळजवळ संपूर्ण पुन्हा रचलेली आहे.

पाय थकले नसतील तर नदीच्या दक्षिण काठाने पूर्वेकडे जाऊन सेंट सेव्हियर्स चर्च पाहावे. तेथे फारसे कोणी जात नाही आणि नागमोडी नक्षीच्या कमानी मात्र तेथे पाहायला मिळतात. ते लॉर्कन ओ’टूल याने बांधले असे मानतात. हा ११५३मध्ये ग्लेंडालॉखचा मठाधिपती व ११६२मध्ये डब्लिनचा आर्चबिशप झाला, आणि ११८०मध्ये नॉर्मंडीत वारला. केविनला जाऊन तोवर साडेपाच शतके लोटली होती. डब्लिनची बस मात्र पर्यटक केंद्रापासून सुटते आणि तेथपर्यंत परत चालत यावे लागते, म्हणून शेवटच्या बसच्या तासभर आधी वही बंद करावी.